आता जरा नैसर्गिक हसा

‘आम्हाला अगदी साधं, घरगुती लग्न हवंय’ असं गिऱ्हाईक म्हणालं की फोटोंचा दर दुपटीने सांगा. हॉलमध्ये दिवे, स्टेज, सोफा सगळं आयतं मिळतं. साधेपणा आपल्यालाच उभा करावा लागतो.

जागा त्यांनी हेरलेली असतेच. गुहागर-दापोलीकडची, ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशी पाटी लावलेली खानावळ. पुढे ओटी, मागे पोफळीची वाडी, वर मंगलोरी कौलं. आदल्या दिवशीच जा आणि घरगुतीपणाच्या आड येणारं घर हलवायला लावा: गॅसची शेगडी, मिक्सर, इन्व्हर्टर, प्लास्टिकच्या खुर्च्या. पंप बसल्यापासून रहाटाला कुणी हात लावलेला नसतो. त्याला नवा दोर बांधून नवरीला पाणी काढायला उभी करा. कळशी रिकामीच असू द्या. भरलेली उचलताना तोंड खरंखुरं वाकडं होतं आणि ते अल्बमात चालत नाही.

नवरदेव ‘तयार होतानाचा’ फोटो हवाच. तो बिचारा सोवळं नेसून उघडा बसलेला असतो. त्याला सदरा घालायला लावा, बटण लावताना टिपा, सदरा काढायला लावा. घड्याळ नसेल तर आपलं द्या. माझं घड्याळ रत्नागिरी जिल्ह्यात बऱ्याच घरांत भिंतीवर लटकतंय.

ड्रोन तर न्याच. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. माडाच्या झावळ्यांनी हे नियम वाचलेले नसतात, एवढंच.

उजेडाचं मनाला लावून घेऊ नका. जांभ्याच्या जाड भिंती, हातभर खिडकी. माजघरात भर दुपारी तिन्हीसांजा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १२८०० ला चढवा आणि फोटोवर जी रवाळ वाळू पसरेल तिला ‘जुन्या फिल्मचा फील’ म्हणा. खरी गंमत अंगणात. मांडवावर हिरवी शेडनेट असते, तिच्याखाली अख्खं वऱ्हाड हिरवं आणि हळद लागलेली नवरी पाडाला आलेल्या कैरीसारखी. रंग सुधारणाऱ्या व्हाइट बॅलन्सने चेहरे माणसात आणावेत, तर मागची उन्हातली वाडी जांभळट पडते. सरळ कृष्णधवल करून द्या. त्याचे पैसे वेगळे.

अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो म्हणतात. घाबरू नका. गेल्या मे महिन्यात नेमका तेव्हाच मी ३५ ची लेन्स काढून ८५ ची बसवत होतो. मान वर केली तर गळ्यात हार पडलेले.

‘‘गुरुजी, अंतरपाट परत एकदा धरता का?’’

गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘‘धरतो की. पण मग मंगलाष्टकं परत होणार, आणि त्या मावशींनी स्वतः रचलेली अजून चार शिल्लक आहेत.’’

वऱ्हाडाने माझ्याकडे पाहिलं. तेवढा एक फोटो मात्र कुणालाही न सांगता अगदी नैसर्गिक आला असता. लेन्स हातात होती.

शेवटी स्वयंपाकघर. खानावळीच्या काकूंना चुलीपुढे बसवा, फुंकणी हातात द्या आणि व्हिडिओ सुरू करून सांगा, ‘‘काकू, माझ्याकडे बघू नका. नेहमी करता तसंच करा.’’

काकू धुराने डोळे पुसत म्हणतील, ‘‘अहो, नेहमी मी गॅसवर करते. तो तुम्हीच नेऊन ठेवलात ना गोठ्यात?’’

तेवढ्या जागी सनई टाका.