पुणे–नागपूर विमानाचा ‘चोरलेला’ पाऊण तास

सध्या व्हॉट्सॲपवर एक हिशोब जोरात फिरतोय. पुणे–नागपूर हवाई अंतर ६०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८५०, म्हणजे प्रवास ४२ मिनिटांचा. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास. उरलेला वेळ कंपन्या विमान मुद्दाम हळू नेऊन किंवा घिरट्या घालून काढतात, असा आरोप. शेवटी ‘पुढे पाठवा’ आहेच.

अंतर बरोबर आहे. सरळ रेषेत ते ६०० किलोमीटरच्या आसपासच भरतं. पण विमान त्या रेषेवरून सुटत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि उड्डाण वाऱ्याला सामोरं जाऊन करायचं असतं. पश्चिमेचा वारा असेल तर नागपूरकडे पाठ करून उडायचं आणि मग वळायचं. शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई या लढाऊ विमानांचा सराव चालू असला तर प्रवासी विमान थांबतं.

खरी गफलत ८५० मध्ये आहे. हा वेग उंचावर पोचल्यानंतरचा. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. वर चढायला वीसेक मिनिटं लागतात, त्यात दोनशे किलोमीटर संपतात. उतरायची सुरुवातही नागपूर जवळपास तेवढंच लांब असताना होते, आणि त्याला पंचवीस मिनिटं. मधे पूर्ण वेगाला उरतात जेमतेम दोनशे किलोमीटर, पंधरा मिनिटांचे. झाला तास. तिकिटावरची वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. दोन्हीकडचं जमिनीवरचं रांगणं त्यात धरा, ‘चोरलेली’ मिनिटं सापडतील.

घिरट्या घालून कंपनीला मिळणार काय? भाडं रिक्षाच्या मीटरवर चालत नाही. हवेतल्या प्रत्येक मिनिटाला इंधन जळतं, तेही कंपनीच्याच पैशाने.

आणखी एक रत्न: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून नागपूरहून येताना पुणेच आपल्याकडे येतं, वेळ निम्मा व्हायला हवा! अहो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर पुण्यात ताशी दीड हजार किलोमीटरचं वादळ कायमचं असतं. फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात, त्यामुळे नागपूरला जाताना ते पाठीशी आणि परतताना तोंडावर. ऐन पावसाळ्यात दख्खनवर उंचावरचे वारे पूर्वेचे होतात आणि हे गणित उलटतं.

वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवलेली असते, हे मात्र खरं. तेच विमान दिवसभरात चार-पाच गावं करतं. सकाळची वीस मिनिटं गेली तर रात्रीच्या प्रवाशापर्यंत उशीर पोचतो, म्हणून पाच-दहा मिनिटं हाताशी ठेवतात. कधीकधी विमान वेळेआधी उतरतं, ते त्यामुळेच.