ढगफुटी का झड? दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. झडीला, म्हणजे दिवसेंदिवस लागून राहणाऱ्या पावसाला, ढगफुटी म्हणू नका असं मी लेखात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, सोयाबीन पाण्यात उभंय आन् तुम्ही शब्दाचा कीस पाडत बसलात, आम्ही ढगफुटी म्हणलं तर तुमचं काय बिघडलं, आणि वर हा शब्द सरकारी कागदात कुठंच नाही असं खोटं लिहिलंत.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं तुमचंच बरोबर आहे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट यांच्यासोबत ढगफुटी आहे. चूक माझी, ती ओळ आजच काढतो.

पण शब्दावरून मी का अडून बसलो ते नीट सांगतो. हवामान खात्याच्या हिशोबात ढगफुटी म्हणजे थोड्याशा भागावर एका तासात 100 मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस. एका एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे साधारण 4 हजार लिटर पाणी, मग 100 मिमी म्हणजे 4 लाख लिटर, 10 हजार लिटरचे 40 टँकर एका एकरात तासाभरात ओतल्यासारखं. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, टँकरची वाट आपण बघितलेली आहे, त्यामुळं 40 टँकर म्हणजे किती हे आपल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. असा पाऊस बांध फोडतो, माती खरडून नेतो, नाल्याकाठची विहीर गाळानं भरतो. तुमच्याकडं तसा पडला नाही असं मी म्हणतच नाही, पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, मुख्य गावात आणि तुमचं शिवार कुठल्या कुठं, आणि आपला पाऊस असा की बैलाचं एक शिंग ओलं तर दुसरं कोरडं. तिथल्या आकड्यावरून तुमच्या वावरात काय झालं हे मी कोण सांगणार.

माझं दुखणं वेगळंय. आता कुठल्याबी मोठ्या पावसाला ढगफुटी म्हणायची सवय लागलीय, मोबाईलवर तर दर दोन दिवसाला कुठंतरी ढगफुटी झालेली असते, आणि त्यात झड हा आपला शब्दच मागं पडत चाललाय. झडीत आभाळ फुटत नाही. चार दिवस, सहा दिवस नुसतं लागून राहतं, कधी रिपरिप कधी जोराची सर, सूर्य दिसत नाही, रानाला वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, येत नाही. आमच्या वडिलांचं काढणीला आलेलं सोयाबीन असंच गेलं, पूर नाही, बांध फुटला नाही, लांबून बघितलं तर पीक जागेवर उभं, जवळ जाऊन शेंग फोडली की आत दाण्याला कोंब. कापसाची खालची बोंडं तर झाडावरच काळी पडून सडली होती.

आता हे नुकसान कागदावर कसं दाखवायचं? अतिवृष्टी म्हणजे मंडळात 24 तासांत 65 मिमीच्या वर. झडीत रोज 20, 30, कधी 40 पडतो, 65 चा आकडा एकाबी दिवशी भरत नाही, आणि वडिलांना तेव्हा हेच उत्तर मिळालं होतं, तुमच्या मंडळात अतिवृष्टीच नाही. रान सडलेलं, माणूस कोरडा आकडा घेऊन परत. पुढं 2023 मध्ये राज्य सरकारनं 'सततचा पाऊस' ही वेगळी आपत्ती धरायचं ठरवलं, त्यात सलग 5 दिवस रोज किमान 10 मिमी असा निकष आहे, शिवाय बाकीच्याही अटी आहेत. सततचा पाऊस म्हणजे दुसरं काय हो, आपली झडच की! आपल्या आज्या जे पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्या ते कागदावर यायला 2023 उजाडलं.

म्हणून म्हणतो दादा, झड झाली तर झड झाली म्हणून सांगा, कितव्या दिवसापासून लागली होती, मध्ये उघडीप किती वेळ होती हे सांगा. झडीला ढगफुटी म्हणलं की नुकसान बघायला आलेला माणूस वाहून गेलेली माती शोधतो, ती दिसली नाही की पुढं निघतो, शेंग फोडून बघत नाही.

तुमचं रान खरडून गेलंय का उभ्या पिकात पाणी साचलंय, आणि पाऊस किती वेळ होता, तेवढं खाली लिहा. तासा-दोन तासात झालं असेल तर त्याला ढगफुटी म्हणायला माझी ना नाही, तुमचा अनुभव मूळ लेखात वरच घेतो.