शेवटच्या माणसावर बिल फाडू नका

२०२५ च्या सप्टेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी मेलबर्नजवळ टार्नेटला असा वारा सुटला होता की पिंट्याने आपल्या कार्लटन क्लबचा मफलर आधी कट्टा पुसायला वापरला आणि मग तसाच कानाला गुंडाळला. मागे किराणा दुकानात घटस्थापनेच्या सामानाची झुंबड. बाहेर आम्ही पाच जण, कागदी कपात चहा आणि मध्ये भाऊंनी आणलेल्या भाजलेल्या शेंगा. मध्यरात्रीनंतर दुबईत भारत-पाकिस्तान होता, पण त्याचं कोणी नावही काढलं नाही. फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, ब्रिस्बेनने आदल्या दिवशी आमच्या कॉलिंगवूडची केलेली धुलाई घशाखाली उतरत नव्हती. पिंट्याची मात्र दिवाळी होती.

"तुमचा डार्सी मूर संपला," पिंट्याने बसता बसता जाहीर केलं. "कप्तान म्हणून नाणं उडवायला ठेवा. बचावात नको."

"संपला कसला, मार्चमध्येच संपला होता," म्हणत मास्तरांनी फोन काढला. मास्तर आमचे आकडेमास्तर. फँटसी टीम लावतात आणि लासलगावच्या मार्केटात कांद्याचा भाव पुकारावा तसे खेळाडूंचे भाव पुकारतात. "घेतला तेव्हाचा भाव बघा, आताचा बघा. इतका तोटा मला शेअरमध्येही झाला नाही. माणूस हवेतला चेंडू झेलून मार्क घेत नाही, किक मारत नाही. त्याला ठेवून मी करू काय?"

"मास्तर, तू मॅच बघतोस की पासबुक?" ताई म्हणाली.

ताईबद्दल एवढं सांगायला हवं की ती रात्रपाळीची नर्स आहे, बारा वर्षं कॉलिंगवूडची मेंबर आहे आणि एमसीजी मैदानावर जाते तेव्हा पंट रोडच्या बाजूला गोलच्या मागेच बसते. फुकट मिळालं तरी मधल्या स्टँडचं तिकीट घेत नाही. मला तिच्या शेजारी बसून दोन-तीन मॅच बघायला मिळाल्या आणि तेव्हा कळलं की दहा वर्षं मी फूटी अर्धीच बघत होतो. टीव्हीवर चेंडू दिसतो. गोलच्या मागून दिसतं की चेंडू सत्तर मीटरवर असतानाच मूर मान डावी-उजवी करतोय, हात वर करून कुणाला तरी आत बोलावतोय, एक पाऊल सरकतोय, परत येतोय. हे सगळं मार्क झाल्याच्या आधीचं. मार्क झालाच नाही, तर ते कुठल्या आकड्यात बसतं?

"तू त्याची बाजू घेणारच," पिंट्या म्हणाला. "पण सरळ सांग. तो आपला माणूस सोडून जातो की नाही?"

"जातो."

"आणि मागे तो माणूस मोकळा राहून गोल मारतो की नाही?"

"कधीकधी मारतो."

"संपलं!" पिंट्याने टाळीसाठी हात पुढे केला. मास्तरांनी फोनवरून नजर न काढता टाळी दिली.

इथे भाऊ पुढे सरसावले. भाऊ ट्राम चालवतात, पण मूळचे सांगलीकडचे, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी कबड्डीखेरीज दुसरा खेळ मनापासून मानलेला नाही. फूटी ते कबड्डीतूनच समजून घेतात. त्यांनी कट्ट्यावर शेंगांची सहा टरफलं अर्धगोलात मांडली. "हे बघा. ही तुमची गोलपासून पन्नास मीटरवरची कमान. हे मागचे सहा जण. आता आमच्यात साखळी असती. साखळी सोडून एकटा घुसला की खड्डा पडतो. मूर मला आवडतो, उंचपुरा गडी आहे, पण त्यो साखळी सोडतो. ही चूकच."

मला वाटलं ताई अडकली. ती शांतपणे एक शेंग सोलत होती.

"भाऊ, तुम्ही कोपऱ्यात खेळायचात ना?"

"डाव्या कोपऱ्यात. जिल्ह्यापर्यंत."

"घोट्याला सूर कधी मारायचा?"

भाऊंचा चेहरा उजळला. "चढाईवाला दमला पाहिजे. निदान रेषा ओलांडून आत आलाय, दम तुटायला आलाय, आपल्या पोरांनी त्याला एका अंगाला रेटलंय. आता त्यो कुठल्या पायावर वळणार ते दिसतंय. मग मारायचा!"

"आणि तो ताजातवाना असला, मोकळा नाचत असला तर?"

"तर नाही मारायचा. लाथ बसती आणि गुण जातो."

"मग त्याला रेटायचं काम कोपरारक्षकाचं की बाकीच्यांचं?"

भाऊंनी उत्तर दिलं नाही. अर्धगोलाच्या पुढे आणखी चार टरफलं मांडली, त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि त्यातली दोन उचलून बाजूला ठेवली. "ही पोरं पळतच न्हाईत," म्हणाले.

माझंही म्हणणं हेच आहे, आणि मी ते तिथेही बोललो. मूरसारखा बचावपटू किक मारणाऱ्याच्या घाईवर जगतो. मिडफिल्डने अंगावर धावून जाऊन समोरच्याला घाईत, वाकडी, उंच किक मारायला लावली, तर चेंडू हवेत लटकतो आणि २०३ सेंटीमीटरचा माणूस तिरका धावत येऊन तो वरच्या वर काढतो. तेव्हा आपण म्हणतो, वा, काय अचूक हेरलं यानं! पण समोरचा मोकळा असेल, मान वर करून, निवांत बघून, पळत्या फॉरवर्डच्या पुढ्यात सपाट किक टाकत असेल, तर तोच माणूस, तेच पाय, तीच धाव उशिराची दिसते. कप जिंकला ते २०२३ आणि आता यांत मूरच्या हातांचं काही बिघडलेलं नाही. त्याच्या पुढची भिंत पातळ झालीय. हे या मोसमाच्या उत्तरार्धात आठवड्यामागून आठवडे दिसत होतं आणि आपण बिल फाडलं शेवटच्या माणसावर, कारण कॅमेरा तिथे पोचतो तेव्हा तो एकटाच उभा असतो.

आणि मूरच्या जोडीचा बचावपटू नेथन मर्फी? त्याचं नाव कोणी काढत नाही. २०२३ च्या फायनलमध्ये पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागून तो बाहेर गेला आणि २०२४ मध्ये त्याच दुखण्यापायी त्याला खेळ सोडावा लागला. मूर चेंडूवर झेपावला की मागची जागा झाकणारा आणि मर्फी झेपावला की मूर झाकणारा, अशी ती जोडी होती. जोडीतला एक गेला की उरलेल्याचा फॉर्म गेला असं म्हणायचं, हा कुठला न्याय?

"अरे पण त्याला पुढे टाका ना!" मास्तरांना अचानक सुचलं. "आला तेव्हा फॉरवर्डच होता की. फॉरवर्ड आणि बॅक दोन्ही म्हणून मला लावता येईल."

"तुला लावता यावा म्हणून कोच मॅकरेने टीम बदलायची?" ताई म्हणाली. "२०१५ ला आला तेव्हा पुढे ठेवला, २०१८ ला मागे नेला. तिथे तो दोनदा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात आला. द्रविड आठवतो ना? २००३ च्या वर्ल्ड कपला ग्लोव्ह्ज दिले हातात. का, तर तो नाही म्हणत नाही. सगळं जमणाऱ्या माणसाला लोक विचारतच नाहीत की बाबा, तुझं स्वतःचं काम कुठलं."

"आमची ही अगदी असंच म्हणते," भाऊ म्हणाले.

"वहिनींचं बरोबरच असणार."

मग गाडी पिंट्याने ठरल्याप्रमाणे १९८१ वर नेली. कार्लटनवाल्यांना जवळचं काही आठवत नाही, लांबचं लख्ख आठवतं. "मूरच्या बापानेही हेच केलं होतं. कप्तान असताना आमच्याकडून फायनल हरला आणि उपविजेत्याचं मेडल फेकून दिलं. १९७० ला हाफ टाइमला ४४ पॉइंटने पुढे होतात आणि हरलात. घराणंच असं!"

"पीटर मूरने मेडल फेकलं कारण त्याला दुसरा नंबर नको होता," ताई म्हणाली. "मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूची दोन ब्राउनलो मेडलं घेतलेला माणूस आहे तो, १९७९ आणि १९८४. आणि पोराने २०२३ ला कप उचलला. चार पॉइंटने, एक लाखाच्या वर माणसांसमोर, याच ब्रिस्बेनला हरवून. तुझा शेवटचा कप कधीचा रे पिंट्या?"

"पंच्याण्णव."

"तेव्हा तू कुठे होतास?"

"नाशिकला. चौथीत."

भाऊंना चहाचा ठसका लागला. मास्तरांनी त्यांची पाठ थोपटली, पण डाव्या हाताने, कारण उजव्या हातात फोन होता.

मला मात्र तेवढ्यात २०१८ ची वेस्ट कोस्टविरुद्धची फायनल आठवली आणि पोटात जुनं काहीतरी हललं. तेव्हा मूर हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर होता. शेवटची दोन-तीन मिनिटं, आपण पुढे, आपण चेंडू आत टाकला आणि त्यांच्या मॅकगव्हर्नने तो वरच्या वर काढला. तिथून व्हार्डी, तिथून रायन, तिथून शीड, आणि बाउंड्रीच्या कडेवरून तो गोल. पाच पॉइंटने गेलो. आपल्या मेनार्डला नियमाबाहेर अडवलं होतं, हे मी आजही कोर्टात सांगायला तयार आहे. पण तो गोल सुरू झाला एका बचावपटूने आपली जागा सोडून चेंडूवर जाण्यापासून. तो दिवस ज्याने बघितलाय, त्याने तरी मूरला "जागेवर उभा राहा" म्हणू नये. पुढे २०२३ च्या फायनलला आपणच फ्रॅम्प्टनला पुढे लावलं ते गोल मारायला नव्हे, ब्रिस्बेनच्या बचावपटू हॅरिस अँड्र्यूजला बांधून ठेवायला. असा माणूस मोकळा सुटला तर काय करतो, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.

मी हे बरंच आवेशात बोललो असणार, कारण दुकानातून बाहेर येणाऱ्या एका आजींनी नारळाची पिशवी छातीशी धरून माझ्याकडे बघितलं.

"भाषण छान झालं," पिंट्या म्हणाला. "गणपतीत स्टेज लावायला ये म्हटलं तेव्हा इतका जोर नव्हता."

"स्टेज मी आणि ताईने लावलं. तू आरतीला उगवलास."

"आणि मास्तरांनी मोदक मोजले," ताई म्हणाली. "एक्सेलमध्ये."

"सात कमी होते!" मास्तर उसळले. "अजून हिशेब लागलेला नाही."

पिंट्याने पलीकडे बघितलं. भाऊंनी टरफलं गोळा करायला घेतली.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि पिंट्याच्या कानावरचा मफलर सुटून थेट पार्किंगच्या दिशेने निघाला. आणि मास्तर, जे गेल्या तासाभरात फोनखेरीज कशासाठीही हलले नव्हते, ते ताडकन उठले, तीन पावलं मागे तिरके धावले, वर उडाले आणि दोन्ही हातांनी मफलर डोक्यावर पकडला. स्वच्छ मार्क. ट्रॉल्या लावणारा पोरगा चक्क ओरडला.

ते फुशारत परत आले, तर त्यांच्या जागी, खांबाच्या आडोशाला जिथे वारा लागत नाही, तिथे पिंट्या मांडी घालून बसलेला. हातात मास्तरांचा चहा.

"आरं माणूस सोडून गेलास!" भाऊ ओरडले आणि हसून हसून कट्ट्यावर आडवे व्हायचे बाकी राहिले. मास्तर वाऱ्यात उभे, गळ्यात कार्लटनचा मफलर.

ताईची पाळीला जायची वेळ झाली होती. तिने डबा पिशवीत टाकला, गाडीची किल्ली काढली आणि जाता जाता वळून विचारलं, "किती पॉइंट मिळाले, मास्तर?"