योकनेआमची भरभराट कुणाच्या वाट्याला आली?

संगणक-चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2019 मध्ये योकनेआमची मेलानॉक्स ही कंपनी सुमारे 6.9 अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा उत्तर इस्रायलमधले योकनेआम इलित हे जेमतेम वीस-पंचवीस हजार वस्तीचे शहर जगाच्या नजरेत आले. हजारो प्रोसेसर अतिवेगाने एकमेकांशी जोडण्याचे मेलानॉक्सचे तंत्रज्ञान आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या संगणकगृहांत वापरले जाते. त्याआधी इथल्याच गिव्हन इमेजिंगने गिळता येणारा कॅमेरा बनवला होता. जेमतेम 26 मिलिमीटर लांबीची ती कुपी पाण्याच्या घोटाबरोबर पोटात जाते, सेकंदाला दोन छायाचित्रे टिपत लहान आतड्यातून पुढे सरकते आणि रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या यंत्रात ती साठत जातात.

हे सारे ज्या गावात घडले, त्याची सुरुवात 1950 मध्ये स्थलांतरितांच्या तात्पुरत्या छावणीतून झाली. पुढे कित्येक घरांच्या चुली उखळी तोफा बनवणाऱ्या सोल्तम कारखान्यावर पेटत, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तोच डबघाईला आला. 1989 मध्ये सिमोन अल्फासी महापौर झाले ते अशा पडत्या काळात. जवळच हैफाचे टेक्निऑन हे तंत्रज्ञान विद्यापीठ, सरकारच्या करसवलती आणि मोकळी जमीन ही अनुकूलता होतीच. पण तिचा उपयोग करून घेण्याची चिकाटी नगरपालिकेने दाखवली, असे माझे ठाम मत आहे.

इथले पुष्कळसे अभियंते रोज बाहेरगावाहून गाडीने येतात आणि संध्याकाळी परत जातात, मग गावाला काय मिळाले, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. लेथवर काम करणारा माणूस चाळिशीनंतर चिप आखायला लागत नाही. परंतु इस्रायलमध्ये ‘अर्नोना’ हा पालिकेचा कर व्यवसायांना घरांच्या कितीतरी पट भरावा लागतो, त्यामुळे कंपन्यांचा पैसा शहराच्या तिजोरीत येतो आणि त्या कामगाराच्या नातवंडांच्या शाळेला त्याचा हातभार लागतो.

मला खरी खंत वाटते ती हद्दीबाहेरच्यांची. कार्मेल डोंगरावरची दालियात अल-कार्मेल आणि इस्फिया ही द्रूझ या अरबी भाषिक अल्पसंख्य धर्मसमुदायाची गावे अगदी शेजारी असूनही त्यांच्या वाट्याला असे उद्योग आले नाहीत. म्हणूनच या दोन गावांना योकनेआम आणि मगिद्दो प्रादेशिक परिषद (आसपासच्या खेड्यांची स्थानिक स्वराज्य संस्था) यांच्याबरोबर भागीदार करून घेणारी ‘मेवो कार्मेल’ ही औद्योगिक वसाहत मला मेलानॉक्सच्या विक्रीइतकीच महत्त्वाची वाटते. नव्या कंपन्या आधी तिथे नेल्या पाहिजेत.