गाडीला आठ बूट

"कुठली गाडी?" या प्रश्नाला बाकीचे लोक एका शब्दात उत्तर देतात. मला "जुनी, लांब, फोर व्हील ड्राइव्ह, स्टेशन वॅगन" असं चार हप्त्यांत सांगावं लागतं, आणि दर हप्त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आदर उतरत जातो. "फोर व्हील ड्राइव्ह"ला थोडा वर चढतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे दगडधोंड्यांतून उसळ्या मारणारी उंच जीप येते. मग तो खिडकीतून खाली बघतो. खाली उभी असते मागे एक जास्तीची खोली काढलेली साधी मोटार.

घेतली तेव्हा माझ्याकडे इतिहासाचा भक्कम पुरावा होता. जपानमध्ये एका वीज कंपनीची माणसं बर्फात तारांची देखभाल करायला जीपमधून जायची आणि थंडीने काकडायची. त्यांना जीपसारखी चढणारी, पण मोटारीसारखी उबदार गाडी हवी होती. त्या मागणीतून पुढे १९७२ साली सुबारूची लिओनी ही फोर व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन बाजारात आली. ही कथा मी घरी अशा काही रंगात येऊन सांगितली, की मलाच बर्फ पडायला लागल्यासारखं वाटलं. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला कुठल्या तारा दुरुस्त करायच्यात?"

आमची गाडी लिओनी नव्हे, तिच्या नंतरच्या जमान्यातली. पण तारा मात्र मी तेव्हापासून दुरुस्त करतोच आहे. गाडीच्याच.

नावातल्या 'स्टेशन'चाही मी घेण्याआधी विचार करायला हवा होता. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका वाहून न्यायला म्हणून या जातीच्या गाड्या जन्माला आल्या. सुरुवातीला घोड्याच्या होत्या, मग मोटारी आल्या, पण काम तेच राहिलं. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यातलं, ओळखीपाळखीतलं कुणीही गावाला निघालं की सामानासकट त्याला स्टेशनवर पोचवणं हे माझं जन्मसिद्ध कर्तव्य ठरलं. मागची सीट आडवी केली की आत सहा फुटांचा माणूस पाय पसरून झोपतो, हे मी एकदा कौतुकाने बोलून गेलो. तेव्हापासून सहा फुटांच्या सगळ्या वस्तू माझ्याकडेच येतात. गाद्या, शिड्या, कपाटं, एकदा तर एक अख्खी सायकल आणि तिच्यावरून पडलेला तिचा मालक. मला "कसे आहात?" म्हणून फोन येणं बंद झालंय. लोक थेट "मागची सीट पडते ना अजून?" असं विचारतात.

कपाट सहा फुटांहून जरा लांब निघालं, तर मागचं दार अर्धं उघडं ठेवून दोरीने बांधायचा मोह होतो. तो आवरावा. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर त्या उघड्या दारातून सरळ आत ओढला जातो. मला हे कळलं तेव्हा आम्ही तिघे खोकत होतो आणि कपाट तेवढं ठणठणीत होतं. त्या दिवसापासून कपाटं टपावरून जातात. त्याच पोकळीमुळे रस्त्यावरची धूळ आणि चिखलही उलटा फिरून मागच्या काचेवर येऊन बसतो. म्हणून तर वॅगनला मागेही वायपर असतो. आमचा चालत नाही, पण असतो.

मागच्या दाराचं निघालंच आहे तर सांगतो. ते वर उचलून धरायला दोन्ही बाजूंना गॅसचे दांडे असतात. वय झालं की त्यांतला गॅस निघून जातो, आणि थंडीत तर उरलासुरलाही अंग चोरतो. दार वर जातं, दोन क्षण तिथे थांबतं, तुम्ही विश्वासाने आत वाकता, आणि ते खाली येतं. यावर माझा उपाय म्हणजे झाडूचा दांडा. बरोबर मापाचा, खालच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पाहुण्यांना गाडीची माहिती देताना मी आधी दांड्याची देतो.

आता त्या चार चाकांकडे येतो. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो, उरलेली दोन मागोमाग फरपटत येतात. आमच्याकडे चारही कामावर. त्यासाठी गिअरबॉक्सला चिकटून जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, तिच्यापासून पुढे-मागे जाणारे शाफ्ट, आणि एक सोडून तीन डिफरन्शियल, म्हणजे वळताना चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारे दातेरी पंच. पुढच्या दोन चाकांत एक, मागच्या दोन चाकांत एक, आणि पुढच्या-मागच्यांचं आपसात जमावं म्हणून मध्ये तिसरं. हे ओझं पेट्रोल पिऊन वाहावं लागतं, गरज असो वा नसो. तेल बघायच्या जागा पाच, आणि गळायच्याही पाच. मी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरतो आणि सकाळी डाग वाचतो. पुढचा काळाकुट्ट डाग इंजिनाचा. मागचा, गंधकासारखा उग्र वास मारणारा, डिफरन्शियलचा. तो वास एकदा बोटांना लागला की साबण हरतो. शेजारी सकाळी पेपर वाचतात, मी ओणवा होऊन पुठ्ठा हुंगतो. दोघांनाही चांगली बातमी क्वचितच मिळते.

आणि बूट. प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, आणि त्यांतलं ग्रीस सांडू नये, माती आत शिरू नये म्हणून त्यांच्यावर घड्यांचे रबरी बूट चढवलेले असतात. चार अ‍ॅक्सल, आठ बूट. साध्या गाडीचं चारांत भागतं. जुनं रबर चिरतं, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला रांगोळी काढतं, सांध्यात वाळू जाते, आणि मग पूर्ण वळण घेताना कट्-कट्-कट् असा आवाज येतो. आमच्या मिस्त्रींना गाडी दाखवायचीही गरज पडत नाही. फोनवर तो आवाज मी तोंडाने काढतो, ते विचारतात, "डावीकडे वळताना का उजवीकडे?" आणि भाव सांगतात. दोन्ही पोरांना मिळून जन्मात घेतले नसतील एवढे बूट मी या गाडीला घेतलेत.

पण खरा घाव टायरचा. एका टायरची बगल दगडाने फाटली. मी आपला एक नवा टायर घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कपडे शिवणाऱ्याची टेप काढली आणि चारही टायरांच्या कमरा मोजल्या.

"चारही घ्या," ते म्हणाले.

"अहो, फाटला एकच आहे!"

"साहेब, नव्याचा घेर मोठा. तो कमी फिरणार, बाकीचे जास्त. मग मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा दिवसभर भांडण सोडवत बसणार. तीन टायर महाग का ते महाग, तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. अंगठ्याएवढ्या भोकापायी चार टायर घेणारा माणूस बघायला गॅरेजमधली पोरं बाहेर आली होती.

मग ठेवलीच का ही गाडी, असं कुणीही विचारेल. एक तर तिची किंमत उतरायची तेवढी उतरून झालेली आहे. दुसरं म्हणजे तिच्यात जे बिघडतं ते दिसतं, पान्याला लागतं. आणि तिसरं कारण पावसाळी रात्रीच्या चढावर कळतं. पुढच्या गाड्या जागच्या जागी चाकं फिरवून चिखल उडवत असतात, आणि ही मान खाली घालून, आवाज न चढवता, हळूहळू वर जाते. त्या वेळी आतल्या माणसाला विलक्षण श्रीमंत वाटतं. फक्त हे श्रीमंत वाटणं उतारापर्यंत टिकवू नये. चारही चाकं ओढतात ती निघताना आणि चढताना. थांबायची वेळ आली की ही आणि शेजारची गाडी सारख्याच, कारण ब्रेक तिलाही चारच असतात. हे ज्ञान मला एका कुंपणाने दिलं.

आमचे साडू या गाडीला पहिल्या दिवसापासून "टेंपो" म्हणतात. त्यांची स्वतःची गाडी नवी कोरी, उंच, रुबाबदार, बघणाऱ्याला वाटावं निघाली डोंगर चढायला. जोर मात्र पुढच्या दोनच चाकांना. गेल्या पावसात एका समारंभाला त्यांनी ती मैदानातल्या ओल्या गवतावर लावली, आणि समारंभ संपेपर्यंत गवताचा चिखल झाला. फोन आला.

"अहो, जरा येता का? तुमची ती... गाडी घेऊन."

गाडी! मी शब्द नीट ऐकला. बायकोलाही ऐकवला.

गेलो. दोरी बांधली. मधलं डिफरन्शियल लॉक करायची, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र बांधून टाकायची, छोटी दांडी पुढे ढकलली, कमी गिअर टाकला आणि क्लच सोडला. आमची म्हातारी इंच इंच पुढे सरकली, साडूंची गाडी पचाक् असा आवाज करून चिखलातून सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडू म्हणाले, "गाडी दमदार आहे हो तुमची." मी नम्रपणे "जुनी आहे" म्हणालो. त्यांना घरापर्यंत सोबत म्हणून त्यांच्या मागोमाग निघालो.

लॉक लागलेला असला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. आमचा लागत नाही. बल्ब उडालाय, आणि तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणून तीन वर्षं मी ते काम पुढे ढकलत होतो. त्यामुळे लॉक काढायचा राहिलाय, हे मला कळलंच नाही. चिखलात लॉक चालतो, कारण तिथे चाकांना घसरून घ्यायला वाव असतो. कोरड्या कठीण जमिनीवर नाही. चार जण हातात हात घालून कोपऱ्यावरून वळले तर बाहेरच्याला पळावं लागतं आणि आतल्याला पाय आपटत उभं राहावं लागतं. त्यांचे हात कुणी बांधून टाकले तर काय होईल, ते साडूंच्या इमारतीच्या कोरड्या ठणठणीत पार्किंगमध्ये झालं. गाडी वळणावर आली, टायर कुंईं करून ओरडले, दोन आचके बसले, आणि कुणीतरी शेपटी धरल्यासारखी ती अडून बसली.

"हँडब्रेक राहिला का?" साडूंनी विचारलं.

दांडी मागे ओढली तर हलेना. आतले दात पीळ बसून एकमेकांत रुतलेले. यावर उपाय एकच, सरळ उलटं जायचं. मी चेहरा निर्विकार ठेवून वीसेक फूट मागे गेलो. खालून 'टक्' असं झालं आणि दांडी लोण्यातून आल्यासारखी मागे आली.

"काय झालं होतं?"

"काही नाही, जागा बघत होतो."

त्यांना ते पटलंही असावं. उतरून, ओली दोरी गुंडाळत ते माझ्या गाडीच्या मागे गेले. इतक्या प्रेमाने ते त्या गाडीजवळ कधीच गेले नव्हते. आरशात मला दार वर जाताना दिसलं. झाडूचा दांडा माझ्या शेजारच्या सीटवर होता.

"अहो, थांबा!" मी ओरडलो.

ते वाकलेच होते.

कपाळ चोळत ते खिडकीशी आले आणि दोरी माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "तुमच्या या टेंपोचं काहीतरी करा आता."

मी घड्याळ बघितलं. जेमतेम चाळीस मिनिटं ती गाडी होती.