तो 'एएएए' पत्ता व्हायरसला अडवत नाही

"अॅड्रेस बुकात सगळ्यात वर 'एएएए' नावाने एक खोटा पत्ता टाकून ठेवा. व्हायरस पहिल्याच पत्त्याला अडखळेल, पुढे कुणालाच जाणार नाही, आणि मेल परत आला की तुम्हालाही कळेल." हा सल्ला वीस वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे. लोक तो काळजीपोटी पुढे पाठवतात, म्हणून तो नीट खोडायला हवा.

पहिल्या पत्त्याला अडखळेल, असं का? एका मेलवर पन्नास पत्ते असले आणि त्यातला एक चुकीचा असला, तरी उरलेल्या एकोणपन्नास जणांना मेल पोचतोच. मार्च १९९९ मधला 'मेलिसा' व्हायरस याच रीतीने अॅड्रेस बुकातल्या पहिल्या ५० जणांना जायचा. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू'ने तर अख्खं अॅड्रेस बुकच धरलं.

२००३ च्या 'सोबिग-एफ'ने आणि २००४ च्या 'मायडूम'ने फक्त अॅड्रेस बुकावर भिस्त ठेवलीच नाही. डिस्कवरच्या फायली धुंडाळून ते पत्ते गोळा करायचे आणि मेल स्वतःच धाडायचे.

मेल परत येऊन कळेल, हेही खरं नाही. हे व्हायरस पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचा पत्ता घालत. मग परतलेला मेल त्या तिऱ्हाइताला जायचा. ज्यांचा संगणक स्वच्छ होता तेच घाबरायचे. समजा तो तुमच्याकडे आला, तरी तोवर बाकीचे मेल गेलेले असतात.

मला खरी चीड आहे ती यातून येणाऱ्या निर्धास्तपणाची. पत्ता टाकलाय, मेल ओळखीच्याचा आहे, मग उघडायला काय हरकत? 'आय लव्ह यू' ओळखीच्याच माणसाकडून यायचा. त्याच्या फाइलचं नाव साध्या मजकुराच्या 'टीएक्सटी'वर संपल्यासारखं दिसे, कारण पुढचं 'व्हीबीएस', म्हणजे उघडताच चालणाऱ्या प्रोग्रामची खूण, विंडोज लपवून ठेवायचं. अलीकडचा 'इमोटेट' तर चोरलेल्या जुन्या संभाषणालाच उत्तर म्हणून यायचा. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच नोव्हेंबरात तो परतला.

तेव्हा अनपेक्षित फाइल आली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करा. वर्ड किंवा एक्सेलची फाइल 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगत असेल, तर दाबू नका. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. आणि विंडोज ११ असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करा, म्हणजे फाइलचं पूर्ण नाव तुमच्या डोळ्यांसमोर राहील.