गॅस संपला म्हणे!

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे. वैताग आला तर सरळ पुढे जा.

आठवडाभर बेडरूमचा दीड टनाचा एसी नुसता पंख्यासारखा चालत होता. सकाळी मेकॅनिक आला. रिमोट घेतला, १६ वर लावला, पाच मिनिटं मोबाइल बघितला आणि म्हणाला, "मॅडम, गॅस संपला. ३,२०० होतील." गेज लावलं नाही, जाळी उघडली नाही, बाहेरच्या युनिटकडे ढुंकूनही बघितलं नाही. गेल्या मे महिन्यातही हेच ऐकून मी गपगुमान पैसे मोजले होते. अरे बाबा, स्वयंपाकाचा सिलेंडर आहे का तो, संपायला? बंद नळ्यांत तोच गॅस फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी जोडांना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे बघ, गळती बुजव, मग भर! दिलं घालवून.

आमच्या अण्णांनी याला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं असतं. अकोल्याच्या ४५ च्या उन्हात आमच्याकडे एकच कूलर. दर रविवारी वाळ्याच्या ताट्या निघायच्या, टाकी रिकामी व्हायची, पंपाची जाळी जुन्या टूथब्रशने घासली जायची. आणि समोरची खिडकी उघडी आहे ना, हे अण्णा स्वतः उठून बघायचे. "हवेले बाहीर जायले वाट नसंन, तं कूलर काय करन?"

आता त्यांच्या लेकीचं ऐका. मेकॅनिक गेल्यावर तावातावाने जाळी काढली, तर तिच्यावर धुळीची गोधडी. शेवटची कधी धुतली? दिवाळीत, बहुतेक. दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची वस्तू! जाळी तुंबली की कॉइलवर हवा पोचत नाही, कॉइलवर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पाणी भिंतीवरून ओघळतं. आम्ही महिनाभर खाली बादली ठेवत होतो. हुशार माणसं.

१६ वर लावलं की खोली लवकर गार होते, हा आमच्या ह्यांचा लाडका सिद्धांत. अहो, तो आकडा म्हणजे कुठे थांबायचं ते. खोली २४ पर्यंत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागणार, पुढे मात्र मीटर पळत राहणार. २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी २४ वर सुरू होतात ते उगाच नाही. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचंच म्हणणं आहे. बरं, ठाण्याच्या चिकट हवेत काहींना २४ पुरत नाही, मान्य. पंखा लावा एकवर. पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा दुपारी बारालाच ओढा, भिंत तापल्यावर नाही.

असो. जाळी धुऊनही धड गार होईना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा बोलावला. विशीचा असेल. त्याने बाहेर डोकावून बघितलं आणि विचारलं, "ताई, हे प्लास्टिक कोणी बांधलं?"

मीच. म्हणजे कबुतरांना कंटाळून गेल्या पावसाळ्यात मी युनिटच्या तोंडासमोर प्लास्टिक ताणून घेतलं होतं. गरम हवा त्यावर आपटून पुन्हा युनिटमध्येच. मागच्या पत्र्यांत पिसं, काड्या, विष्ठा. कॉम्प्रेसर तापून ट्रिप होणार नाही तर काय? हवेला बाहेर जायला वाट. अण्णांची मुलगी, आणि मी ती वाट स्वतःच्या हाताने बंद केली!

तर तो पोरगा खिडकीतून बाहेर उतरला. चौथा मजला, दीड फुटाचा छज्जा, खाली डक्टचा काळोख. कमरेला माझी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, तीही मी बळेच बांधायला लावली. अर्धा तास तो ब्रशने पिसं काढत होता आणि मी दोरीचं टोक धरून उभी होते, जणू माझ्याच्याने तो पेलला असता. ते प्लास्टिक मी वॉचमनकाकांकडून बांधून घेतलं होतं. तेव्हा त्यांच्या कमरेला काही होतं का, आठवत नाही. दुपारपासून आठवायचा प्रयत्न करतेय.

बिल्डरने मास्टर बेडरूमला फॉल्स सीलिंग दिलं, लॉबीत संगमरवर दिला. हाताला येईल अशा जागी एक युनिट ठेवायची सोय मात्र सुचली नाही त्याला. सकाळच्या त्या मेकॅनिकवरचा माझा राग गेलेला नाही, पण मे महिन्यात दिवसभर असल्या छज्ज्यांवर उतरायचं असतं, तर मीसुद्धा रिमोट बघूनच गॅस संपवला असता कदाचित.

पोराने ७०० घेतले. कोकम सरबत दोन ग्लास प्यायला. खोली आता मस्त गार आहे.

म्हणजे, होती. अण्णा गेल्यापासून आई आमच्याकडे असते. "मले कोंडल्यावानी होते" म्हणून तिने आत्ता पुन्हा खिडकी उघडलीय. शंभरदा सांगितलं, आई, हा कूलर नाही. थांबा, बंद करून येते.